मार पोरी, पर इचारू नको

देवाचा अनुभव सांगायचा तर माणसं आधी हात जोडतात. मी आधी खरं सांगून टाकते. ज्या दिवशी मला हा अनुभव आला, त्या दिवशी माझ्या मनात भक्ती नव्हती. नुसता राग होता. त्या राखुंड्या रंगाच्या कोर्टावर राग, सारजामायच्या पुतण्यावर राग, डोंगरावर बसलेल्या देवीवर राग, आणि सगळ्यांत जास्त राग स्वतःच्या हातावर, कारण त्या हातानं मी काय केलं होतं ते मला माहीत होतं.

मी मूळची मालवणाकडची, अगदी समुद्राकाठची. चौथीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. तेराचा पाढा गुरुजींच्या समोर उभं राहिलं की डोक्यातून निघून जायचा. छडी दिसली की तेरा त्रिकसुद्धा आठवायचं नाही. घरी मात्र भरती-ओहोटीची वेळ मी न चुकता सांगायची. लग्नानंतर घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कालव्याच्या कामावर कॉम्प्रेसर चालवायची नोकरी लागली आणि आम्ही अंबड तालुक्यात येऊन पडलो. पडलो हाच शब्द बरोबर आहे. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. काळी जमीन, बाभळी, आणि क्षितिजापर्यंत पाण्याचा थेंब नाही. कामगारांच्या कॅम्पात, पत्र्याच्या खोपटात राहायचं. घर इतकं लांब, की आईचं पत्र पोचेस्तोवर त्यातली बातमी शिळी व्हायची.

पहिल्याच वर्षी मला मुदतीचा ताप आला. घरचे पाळीवर जायचे आणि मी खोपटात एकटी. जवळच्या गावातली एक म्हातारी कॅम्पावर कालवण विकायला यायची, तिनं मला पाहिलं. तीच सारजामाय. विधवा, मूलबाळ नाही, आठ एकर रान आणि दोन खणांचं घर. तिनं गाडी जुंपायला लावली, मला उचलून घरी नेलं आणि तीन आठवडे माझं हागणं-मुतणं काढलं. कोण कुठली मी, माझी भाषाही तिला धड कळत नव्हती. "ही समिंदराची पोरगी हाय," असं ती शेजारणींना सांगायची, "खारी हाय, सडायची न्हाई." मी बरी झाले तेव्हा ती म्हणाली, आता त्या पत्र्यात जाऊ नको, इथंच राहा. आम्ही राहिलो. तिला मी माय म्हणू लागले.

तिला विसरायला व्हायचं, हे मी लपवणार नाही. भाजीत मीठ दोनदा पडायचं. जेवून उठले की विचारायची, "जेवलीस का गं?" कधी मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. वार, तारीख तर तिला कधी ठाऊकच नसायची. पण बियाण्याच्या गाडग्यांच्या उतरंडीपाशी गेली की ती वेगळीच बाई व्हायची. रब्बीची ज्वारी कापणीला आली की माय स्वतः रानात फिरायची आणि उभ्या कणसांतून निवडून निवडून एकेकाला चिंधी बांधायची. ती कणसं बियाण्याची. त्यांना कुणी हात लावायचा नाही. मग राख, कडुलिंबाचा पाला आणि दाणे असे थर देऊन गाडगी भरायची. कोणत्या गाडग्यात कोणत्या तुकड्यातलं कोणत्या सालचं बी आहे, ते ती झाकण न काढता सांगायची. अर्धं गाव पेरणीला तिच्याकडून ओंजळभर बी न्यायचं.

तिचा पुतण्या किसन जालन्याला राहायचा. टेरलिनचा सदरा, खिशाला पेन. तो गावात आला की पारावर चारचौघांत तिची गंमत करायचा. "काकू, आज वार कोन्ता?" सगळे हसायला तयार बसलेले. पहिल्यांदा मी तिथं होते तेव्हा माय म्हणाली, "ज्या वारी तू कामाला जातूस तो न्हाई. म्हंजी कोन्ता बी असंल." पार हसला, पण किसनवर. त्याचं तोंड मी बघितलं तेव्हाच मला कळलं, की हा आता गप्प बसणार नाही.

त्यानं कोर्टात अर्ज दिला. काकूची बुद्धी गेलीय, तिला बरंवाईट कळत नाही, तिचा आणि तिच्या रानाचा पालक मला करा. कायद्याचं मला फारसं समजत नाही, पण त्याचा अर्थ तो स्वतःच दारात उभं राहून सांगून गेला. "काकू, तुला जालन्याला नेतो. मागं एक खोली हाय, आरामात बस. रानाचं मी बघतो. ह्या कोकनीला बी सांग, दुसरी जागा बघ म्हनावं."  खोलीला खिडकी आहे का, एवढंच मायनं विचारलं. त्या दिवसापासून तिचं तोंड मिटलं. कुणी साधं काही विचारलं तरी ती पदर तोंडाशी धरायची आणि खाली बघायची. पारावर किसनची फिरकी घेणारी बाई ती हीच, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

आमच्या वकिलांनी सांगितलं, जज्जसाहेब स्वतः तिला प्रश्न विचारतील. वार, साल, देशाचा कारभार कोण बघतं, शंभरातून सात गेले तर किती, असलं काहीतरी. झालं. चौथी नापास मी, तिची मास्तरीण झाले. आठ दिवस, रोज सकाळी चुलीपाशी तिला समोर बसवायची आणि घोकून घ्यायची. "माय, आज वार कोणता?" ती सोमवार म्हणायची. "मंगळवार! काल सोमवार होता! परत सांग." ती परत सोमवार म्हणायची. जितकी मी ओरडायची तितकी ती विसरायची. काल आलेलं आज येईना. ती मुद्दाम करतेय असं मला वाटायला लागलं. आपल्या घरासाठी, आपल्या रानासाठी बाई एवढं करू शकत नाही? मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही, आणि ही बसलीय पदराचा शेव चिवडत! सातव्या दिवशी तिनं मला विचारलं, "जेवलीस का गं?" माझ्या हातात उलथनं होतं. मी ते तिच्या हातावर मारलं.

फार जोरात नाही. पण मारलं. तिनं हात मागं घेतला नाही. पालथा तसाच पुढं धरून म्हणाली, "मार पोरी. पर इचारू नको."

 ज्या हातानं तिनं मला तापात पाजलं त्या हातावर मी मारलं होतं. तरी तेव्हा मी शरमले नाही, उलट जास्त चिडले. भित्र्या माणसाचा राग असाच असतो. तो खऱ्या वैऱ्याकडे जात नाही, जवळच्यावर निघतो. मी उठून परड्यात गेले आणि देवाला नको नको ते बोलले.

तारखेच्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही अंबडला उतरलो. पोळा होऊन गेला होता, रब्बीच्या पेरण्या तोंडावर आल्या होत्या. घरच्यांना रजा मिळाली नव्हती. कोर्ट उघडायला वेळ होता, म्हणून मी मायला घेऊन देवीच्या डोंगराशी गेले. तो डोंगर माशाच्या आकाराचा आहे म्हणतात, म्हणून मला ती देवी माहेरची वाटायची. आमच्याकडची कुणीतरी चुकून इतक्या लांब येऊन बसलीय, माझ्यासारखीच. नारळ घेतला होता. वाटलं होतं, मायला दर्शन घडवू, मग सगळं नीट होईल. पण चार पायऱ्या चढून माय खाली बसली. गुडघे धरले. "न्हाई जमत गं. तू जाऊन ये."

आणि मी तिथंच, पायरीवर, माणसं येत-जात असताना रडायला लागले. रागानं. वर बघून म्हटलं, तू तिथं वर बसलीस, तुला बरं आहे. जिला पाय आहेत तिला तू भेटतेस. जिला खरी गरज आहे ती इथं खाली बसलीय. तुला यायचं तर तू ये, आम्ही काही येत नाही. नारळ पिशवीत परत टाकला, हात जोडले नाहीत, आणि मायला उठवून कोर्टाकडे चालू लागले. वाटेत तिला म्हटलं, "आता मी काही विचारणार नाही. तुला जे सांगायचं ते सांग. नाहीतर सांगू नको." हे मोठ्या समजुतीनं म्हटलं असं कुणी समजू नये. मी दमले होते. माझ्याकडचं सगळं संपलं होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. किसन आपल्या वकिलाबरोबर पान खात उभा होता. आम्हाला बघून म्हणाला, "काय काकू, वार पाठ केला का?" माय भिंतीला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले. तिचा हात माझ्या हातात होता, थंडगार.

थोड्या वेळानं एक म्हातारबाबा येऊन आमच्या शेजारी टेकले. मळकं धोतर, डोक्याला पटका, पायांना रानाची माती. त्यांची कसली तारीख होती की ते कुणाबरोबर आले होते, मी विचारलं नाही. माझं लक्षच नव्हतं. त्यांनी उपरण्याची गाठ सोडली, त्यात मूठभर ज्वारी होती. माझ्या पलीकडं वाकून ते मायला म्हणाले, "बाई, तुमी रानातल्या दिसता. जरा बघता का? औंदा ह्येच पेरावं म्हन्तो. पोरं न्हाई म्हनून राह्यली, पर पोरायला काय कळतं?"

मला त्यांचा राग आला. म्हटलं, बाबा, त्यांना बरं नाही, त्रास देऊ नका. पण तोवर मायनं डोळे उघडले होते. तिनं माझ्या हातातून आपला हात सोडवला, चिमूटभर दाणे घेतले, वास घेतला. एक दाणा दाताखाली धरला. मग सरळ बसली.

"ह्ये पेवातलं हाय."

म्हातारबाबा चपापले. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं खोल तळघर. तिकडे दाणे वर्षानुवर्षं त्यात ठेवतात.

"व्हय, पेवातलंच. चांगलं टिकलंय की."

"टिकलंय, पर खायाला. पेवात ऊब धरती. उबीनं दाणा वरून ठीक दिसतो, आतून कोंब मेलेला असतो. येड्या, ह्ये पेरलंस तर रान मोकळं राहील. बी कधी पेवात ठिवायचं असतं व्हय? पोरायचं ऐक तुझ्या."

"मंग आता कसं करावं?"

"दहा दाणे ओल्या फडक्यात बांध, तीन दिस उशाला ठिव. मोड आले तर मला येडी म्हन." आणि मग ती सुटली. कणसाचे शेंड्याचे दाणे घेऊ नको, मधले घे. राख कोणती, शेणीची. लिंबाचा पाला ओला नको, सावलीत वाळव. काणीचं, म्हणजे काळी बुरशी धरलेलं कणीस बियाण्यात आलं तर काय होतं. तिचा आवाज चढला होता. आठ दिवसांत पहिल्यांदा ती रागावली होती, खरंखुरं, त्या परक्या म्हाताऱ्याच्या रानासाठी. व्हरांड्यातली दोन-चार माणसं सरकून जवळ आली. तेवढ्यात पट्टेवाल्यानं तिचं नाव पुकारलं, तशी ती मुठीत दाणे घेऊनच उठली, आणि आत जाताना मागं वळून बाबांना म्हणाली, "जाऊ नकोस, माझं पुरं व्हायचंय."

साहेब तरुण होते, चष्मा लावलेले. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"ठावं न्हाई."

"साल कोणतं चाललंय?"

"त्ये बी ठावं न्हाई."

किसनच्या वकिलानं मान हलवली. मी खांबाला धरून उभी होते. मनात काही उरलंच नव्हतं, प्रार्थनासुद्धा नाही. साहेब काही लिहायला लागले, मग थांबले. त्यांची नजर तिच्या मुठीवर गेली. "आजी, हातात काय आहे?"

मायनं मूठ उघडली आणि तीन पावलं पुढं गेली. पट्टेवाला अडवायला लागला, साहेबांनी त्याला राहू दे म्हटलं. तिनं दाणे त्यांच्या टेबलावर, कागदांवरच ठेवले आणि पेवाची सगळी हकिकत सांगितली. साहेब ऐकत होते. मग ते सहज, घरी बोलावं तसं विचारू लागले. तुमचं रान किती? शेजारी कोण? औंदा काय पेरणार? आणि ती सांगत गेली. उगवतीला कुणाचा बांध, मावळतीला ओढा, वरच्या अंगाला गायरान, खाली कोणाची विहीर आणि तिच्या पाण्यावरून कुणाचं कुणाशी भांडण. कोणत्या तुकड्यात दुष्काळाआधी काय होतं आणि दुष्काळात काय जगलं. साहेबांनी सातबारा मागवून घेतला, बोट ठेवून एकेक सीमा ताडून बघितली. एकही चुकली नाही. शेवटी ते म्हणाले, "आणि हे कोण?" किसनकडे बोट होतं.

मायनं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या घालील. ती म्हणाली, "माझ्या दिराचा. गोवर आल्ता तवा माझ्या मांडीवर सात दिस होता. साहेब, मी लई इसरते, खोटं कशाला बोलू. वार इसरते, मानसं इसरते. ह्यो मला घरी न्हेतो म्हनतो, पर त्या खोलीत ठिवून माझ्याकडून काय पेरून घेनार? मला माझ्या घरी मरू द्या."

 साहेबांनी चष्मा काढून पुसला. अर्ज त्यांनी फेटाळला. आठवड्याच्या सुट्टीनंतर वार माझाही चुकतो, असं काहीतरी ते वकिलांना म्हणाले, तेव्हा किसन सोडून सगळे हसले.

आम्ही बाहेर आलो तर म्हातारबाबा नव्हते. मायनं सगळा व्हरांडा पाहिला, फाटकापर्यंत जाऊन आली. मी पट्टेवाल्याला विचारलं, इथं एक पटकेवाले बाबा बसले होते ते कुठं गेले? तो वैतागून म्हणाला, "बाई, सकाळपासून इथं पन्नास म्हातारे बसून उठून गेले. त्यातला कोन्ता सांगू?" पुढं मी कितीतरी बाजारांच्या दिवशी अंबडला त्यांना शोधलं. कुणालाच सांगता आलं नाही.

ते कोण होते, हे मी सांगत नाही, कारण मला माहीत नाही. दाण्यांची पारख करून घ्यायला आलेला एखादा साधा शेतकरी असेल. पण एवढं मला कळतं, की आठ दिवस ओरडून मला जे जमलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात केलं. मी तिला विचारत होते ते तिची परीक्षा घ्यायला. त्यांनी विचारलं ते त्यांना खरंच हवं होतं म्हणून. भीतीपुढं तिचं मन गोगलगायीसारखं आत जात होतं. कुणाला तरी तिची गरज आहे म्हटल्यावर ते बाहेर आलं, सगळ्या शेतांसकट. म्हाताऱ्या माणसाची बुद्धी कुठं जात नाही, ती जिथं जीव आहे तिथं जाऊन बसते, आणि आपण तिला भलत्याच दाराशी हाका मारत राहतो. आजही घराघरांत कुणी आजोबांना चारचौघांत "ओळखा बघू मी कोण" म्हणून हसायला लागलं, की माझं डोकं फिरतं. मी बोलते. माणसांना राग येतो. येऊ दे.

देवीपुढं मी त्या दिवशी हट्टानं पाठ फिरवली होती. पण मी थकून हात टेकले, माझी मास्तरकी संपली, तेव्हाच काहीतरी पुढं सरकलं. तुझ्याच्यानं होत नाही, बाजूला हो, असं कुणीतरी न बोलता सांगितल्यासारखं. मी मोठी भक्त नाही. पण तेव्हापासून मी देवाकडे काही मागताना त्यानं ते कसं करायचं हे सांगत नाही.

माय आणखी चार वर्षं जगली, आपल्याच घरात, आणि उतरंडीसमोरच्या खाटेवर गेली. मी तिच्याजवळ होते. तिच्या हातावर उलथन्याचा काही वळ नव्हता, तिला ते आठवतही नव्हतं. मी पाय धरून सांगितलं होतं, तर म्हणाली, "कवा? न्हाई गं, तू कशाला मारशील?" माफी मागायचीही सोय तिनं ठेवली नाही.

कोर्टाच्या दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट सांगून थांबते. सकाळी चूल पेटवली. माय आली आणि विस्तवापुढं हात शेकत बसली.

"काल आपन अंबडला कशाला गेल्तो गं?"

कोर्ट, साहेब, किसन, सगळं पुसून गेलं होतं. मी पिठाचे हात तसेच ठेवून तिच्याकडे बघितलं.

"दर्शनाला, माय."

"झालं का दर्शन?"

"झालं."

ती समाधानानं मान हलवत राहिली. मग एकदम तिला आठवलं, "त्या बाबाला चांगलं बी द्याया पायजेल. पेवातलं पेरील मेला." आणि उठून ती गाडग्यांकडे गेली.